गट नंबर एकशे सतरा, पोटखराब

तलाठी म्हणाला, इथं काय आहे ते सांगा,
वर कळवायचं आहे, सोलरच्या प्लेटा लागणार आहेत.
सातबाऱ्यावर तर एवढंच आहे: पोटखराब.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
कुठून सांगावं, बावा?

आधी इथं मेलेली ढोरं ओढून आणत.
डोमाजी गजभिये आणि त्याचे दोघे भाऊ
सोलत बसायचे, गिधाडं पळसावरून बघायची.
वरच्या आळीचं पोट्टं इकडं फिरकलं
तर घरी आधी आंघोळ, मग मार.
एका साली वस्तीनं ठरवलं, आता ओढणार नाही.
डोमाजीनं दोर धुतला
आणि वस्तीच्या विहिरीला लावला.
गिधाडं पुढं काही वर्षं येत राहिली,
सवयीनं.

म्हणून इथला पहिला चेंडू वस्तीतल्या पोरांचा.
दुसरीकडे खेळू कोण देत होतं?
सायकलच्या ट्यूबचे पट्टे, आत चिंध्या.
स्टंप म्हणून पऱ्हाटीच्या तीन काड्या,
बोल्ड झालं की तिन्ही मोडायच्या,
पऱ्हाटी काही कमी नव्हती.

काळी माती. वैशाखात भेग पडली
की चेंडू आत, आणि कोपरापर्यंत हात.
कधी चेंडूच्या जागी बरगडी निघे,
एकदा अख्खं शिंग.
हाडावर टप्पा पडला तर चेंडू कानाजवळून जाई,
आणि कुठं काय पुरलंय
हे डोमाजीच्या नातवाला, प्रल्हादला, आजानं दाखवून ठेवलेलं.
शिरपूरचा ओपनर नाक धरून विचारत होता,
हे स्पिन व्हय का फास्ट?
प्रल्हाद म्हणाला, म्हैस व्हय.
दौलत पाटलाची.

त्या म्हशीपायीच वरच्या आळीचे आले.
हरून हरून थकले होते,
प्रल्हाद आपल्या बाजूनं टाकावा एवढंच त्यांचं म्हणणं.
टीम एक झाली.
माठ दोन राहिले, दोन उन्हाळे.
मग शिरपूरच्याच मॅचला एक माठ फुटला.
नवा कोणी आणला नाही.
स्कोअरची वही तेव्हापासून माझ्याकडे आहे,
शाळेच्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांची.
तो फटका कोणाचा, ते मी लिहिलेलं नाही.
धावा चार लिहिल्या.
कोणता माठ, तेही नाही.

पळसाच्या पलीकडे सहा, हा नियम पहिल्या दिवसापासूनचा.
पळस तारांसाठी तोडला त्याला अकरा वर्षं झाली.
अजून पळसाच्या पलीकडे सहा.
ज्यांनी तो पाहिलाच नाही ते पोट्टे
चेंडू उंच गेला की ओरडतात, पळस! पळस!
आणि अंपायर मोकळ्या हवेकडे बघून
दोन्ही हात वर करतो.
भांडणंही होतात. वरून गेला का आतून?
मग इस्माईल चाचा बाजेवरून उठतात,
काठी हवेत धरतात:
अठीलोक होती फांदी. लागला फांदीले.
चार.
चाचांपुढे कोणी बोलत नाही.

आता प्रल्हादची पोरगी टाकते, आकांक्षा, डावखुरी.
बापानं तिलाही जागा दाखवली,
पण म्हैस विरली असावी मातीत.
चेंडू आताशा खालीच राहतो.
ती म्हणते, तेच बरं,
एलबीडब्ल्यू जास्त मिळतात.

हे सगळं आम्ही सांगितलं नाही.
क्रिकेट खेळतात पोट्टे, एवढं सांगितलं.
अतिक्रमण नाही ना? नाही.
विहीर? नाही.
झाडं?
आम्ही नाही म्हणणार, तेवढ्यात
इस्माईल चाचा म्हणाले, एक.
पळस.

तलाठ्यानं मान वर केली,
कुठं म्हणून बघत राहिला,
डोळ्यांवर हात धरून,
पेनाचं टोपण दातात.