टेस्टर

आमूच्या गालांवर लाली आली तेव्हा
बायको म्हणाली, उन्हानं.
आर्णीचं ऊन, मे महिना, कोणाचं तोंड लाल नसतं?
मी नुकताच खांबावरून उतरलो होतो. मला पटलं.

मग बोटांचे सांधे.
मग सकाळी मोरीत फेस, साबण नसताना.

सेवाग्रामच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोल काढले.
म्हणाल्या, या पांढऱ्या पेशी,
बाहेरचं कोणी शिरलं की जाग्या होतात.
हिच्या जाग्या झाल्या, पण शिरलं कोणीच नव्हतं.
"मंग काहून उठल्या?" आमूनं विचारलं.
बाईंनी पेनाला टोपण लावलं, पुन्हा काढलं.
ते आम्हालाही अजून पुरतं कळलं नाही, म्हणाल्या.

गोळ्यांनी तोंड फुगलं. वर्गात एक जण टमाटर म्हणाला,
ती त्याला चावली.
हेडमास्तरांसमोर मी मान खाली घातली,
हसू दिसू नये म्हणून.

खिडक्यांना आता खताची पोती शिवली आहेत.
सातनंतर ती सायकल काढते.
आमच्या गल्लीतला खांबावरचा दिवा
मी एक रात्रही बंद पडू दिलेला नाही.

दर तीन महिन्यांनी बेरीज होते:
सांध्यांचे इतके, केसांचे इतके, लघवीतल्या प्रथिनाचे इतके.
मागच्या पोळ्याला सोळा. या वेळी दोन.
मी उठलोच. बाई म्हणाल्या, बसा.
वरून शांत आहे. पण रक्ताच्या नळीत
पेशी अजून जाग्याच दिसतात.

मला समजावायची गरज नव्हती.
लाइन बंद असते, परमिट खिशात असतं,
आणि कोणाच्या तरी वावरातलं जनरेटर
त्याच तारेत उलटा करंट ढकलत असतं.
वासनिक असाच गेला, बंद तारेला हात लावून.
त्याच्यानंतर मी आधी टेस्टर लावतो,
मग अर्थिंग, मग हात.

परतीच्या एसटीत ती सावलीच्या बाजूला,
कोपराच्या खळगीत कापूस दाबून.
"बाबा, मी बरी झाली का?"
"लाइन बंद आहे," मी म्हणालो.
लाइनमनची पोरगी ती.
"टेस्टर लावला का?"

कळंबला बस थांबली. पाव किलो पेढे घेतले.
तिनं एक खाल्ला, पुड्याला दोरा गुंडाळला.
"बाकीचे पुढच्या बेरजेले."

पेढे तीन महिने टिकत नाहीत,
हे मी बोललो नाही.