दोन रकाने

एम.ए.चा पेपर सोमवारी.
पानावर मधोमध रेघ मारते:
गाढव डावीकडं, हत्ती उजवीकडं.
कर. बंदुका. दवाखान्याचं बिल.
कोण कुणाला देशात घेतं.

आबा वादी वळतायत, दातात दोरा.
"आनि आपल्या चपलेवरची जकात?
ती कुठल्या घरात लिवलीस?"

पुस्तक उलटंपालटं केलं.
जकात रेघेवरच बसलेली,
दोन्हीकडं पाय सोडून.

"किती मार्काला हाय?"
"दहा."
"मग लांबव की जरा."

सुभाषनगरातली लाईट गेली.
आबांचा हात थांबला नाही,
अंधारात टाका बरोबर पडतो त्यांचा.

ओहायोला जायचे चाळीस जोड
दिवाळीपासनं खोक्यात.
करकरायला
पाय नाहीत त्यांना.