ड्राय

पणजीच्या कचेरीत माझ्या टेबलावर
हा शब्द वर्षातून दोन-चारदा येतो, शिक्का मारून:
मतदानाच्या आदल्या संध्याकाळी, मोजणीला, दोन ऑक्टोबरला.
मी लिहितो, मद्यविक्रीस मनाई असलेला दिवस.
साहेब म्हणतात, लांबलं. कोरडा दिवस करा.
सर, कोरडा दिवस म्हणजे कपडे वाळतात तो.
साहेब हसत नाहीत.
न हसता केलेल्या विनोदालाही इंग्रजीत ड्रायच म्हणतात,
पण साहेबांनी विनोद केलेला नसतो.

शब्दांची टंचाई आपल्याकडे कधीच नव्हती.
घसा कोरडा, खोकला सुका, विहीर आटलेली,
पापड वाळलेले, चहा कोरा,
गाय दूध देईनाशी झाली की भाकड,
आणि पाठीवर ओढतात तेही कोरडे.
इंग्रज ही सगळी गुरं एकाच खुंटीला बांधतो
आणि गाढ झोपतो.

एकदा फोंतैन्यशमधल्या एका हॉटेलचा मेनू
मराठीत करून दिला, वरकमाई म्हणून.
ड्राय वाइनपाशी अडलो.
ओतता येतं ते कोरडं कसं?
तासाभरानं लिहिलं: गोड नसलेली.
काय आहे ते सांगता येईना,
काय नाही तेवढं सांगून पैसे घेतले.

म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी
फिलोमेनाबाय सुकी सुंगटं मापानं देते.
पुरुमेताच्या दिवसांत तिच्यापुढे रांग असते.
पिशवी घेऊन बसमध्ये चढलो
की डिचोलीपर्यंतचे प्रवासी माझ्याकडे वळून बघतात.
इतकं बोलणाऱ्या वस्तूला कोरडी म्हणायला
माझी जीभ रेटत नाही.

बाबा वास्कोला सुक्या गोदीत वेल्डर होते.
शाळेत सांगायचो तेव्हा मुलं हसायची,
सुकी गोदी, सुकी भाजी.
घरी मात्र ते ओलेच यायचे.
आई दार उघडायची नाही, कडी काढून बाजूला व्हायची.
एवढंच लिहितो. बाकीचं
ज्यांच्या घरी होतं त्यांना ठाऊक आहे.

आता गुरुवारी ते चर्चमागच्या हॉलमध्ये जातात.
कायतान म्हणून एक जुने तारवटी आहेत, ते स्कूटरवर नेतात.
एकदा मी बाहेर थांबलो होतो, खिडकी उघडी होती.
प्लास्टिकच्या खुर्चीतून बाबा उठले,
सगुण, असं नाव सांगितलं, आणि म्हणाले,
हांव ड्राय. एक वर्स, चार म्हयने.
टाळ्या पडल्या. कुणीतरी बिस्किटांचा डबा पुढे केला.

मी तिथेच, भिंतीला टेकून, सवयीनं भाषांतर करू लागलो.
सोडली? त्यांना विचारलं तर म्हणतात, कोण कोणाला सोडतं.
सुटली? ती काय दावणीला होती?
निर्व्यसनी हे लग्नाच्या जाहिरातीत शोभतं.
शेवटी पुन्हा तेच उरलं: न पिणारे.
गोड नसलेली.

परतताना फेरीच्या कठड्याला धरून मी विचारलं,
गोदीत जहाज आणल्यावर नक्की काय करायचे?
गेट लावायचं, म्हणाले. पंप सुरू. पाणी उपसायचं.
जहाज हळूहळू लाकडी ठोकळ्यांवर बसतं.
मग बुडाचे शिंपले खरवडायचे, गंज दिसतो,
कधी कधी आरपार भोकं.
वरून रंगवलेलं असतं ना, कप्तानालाही माहीत नसतं.
आणि मग?
मग काय. पाणी परत सोडतात.
तरंगायला लागतं ते कळतं का, नेमकं कधी?
ते थोडा वेळ मांडवीकडे बघत राहिले.
कितीदा उभा राहून बघितलंय, म्हणाले,
नाही दिसत.

काल पुन्हा ती फाइल आली. जिल्हा पंचायतीच्या निवडणुका.
रात्री फोनवर बाबा म्हणाले, रविवारी ड्राय डे ना तुमचा?
तुमचा, हा शब्द त्यांनी जरा दाबून उच्चारला.
हसले नाहीत. मीही नाही.
मग म्हणाले, शुक्रवारी येताना सुंगटं आण अर्धा किलो.
हातात घेऊन बघ, चांगली वाळलेली घे.
आत ओल राहिली असली
की टिकत नाहीत.