दोन शिट्ट्या

गावाने त्याच्या नावाचा मागचा तुकडा ठेवून घेतला,
बहादूर,
जो वीस बागांतल्या वीस जणांना पुरतो.
पुढचा, हर्क,
माझ्याकडे आला,
न मागता मिळालेल्या आंदणासारखा.

मिठमुंबरीच्या कातळावर
मोहर धरल्यापासून शेवटच्या पेटीपर्यंत तो राखण करतो.
हातात बॅटरी, गळ्यात शिट्टी,
वानरांसाठी फटाके, दव लागू नये म्हणून प्लास्टिकात गुंडाळलेले.
रात्री आमच्या वरच्या गडग्यापाशी आला
की दोनदा वाजवायचा. आखूड.
बाकी घरांना एक, लांब.
नऊ वर्षांत यावर आम्ही कधी बोललो नाही.
मी कूस बदलायचे, तेवढंच उत्तर.

आई लग्नाला आली नव्हती.
पोर झाल्यावर आली. टोपडं वर सारलं, म्हणाली,
"बापाशीचेच डोळे हाडल्यान गो."
मग बराच वेळ गप्प.
निघताना पायरीवर, चप्पल शोधत,
"रंग मात्र गोरो हा."
एवढं एक समाधान तिने पिशवीत घालून नेलं.

मैना हे नाव दोन्हीकडे चालतं म्हणून ठेवलं.
शाळेत तिला चायना म्हणतात.
मी रोज सकाळी तिला काजळ घालते,
कडेला ओढत नाही, मधोमध जाड भरते,
डोळा गोल दिसावा म्हणून.
हर्क उंबऱ्यावर दात घासत बघायचा.
एकदा म्हणाला, "आमच्यातय घालतत. नजर लागा नये म्हणान."
मी डबी मिटली.
झाकण बसेना.

गेल्या एप्रिलात भाई कोयंड्यांच्या खळ्यातून
बावीस पेट्या गेल्या, पाच डझनी.
सकाळी आठला पोलीस आमच्या दारात.
खळ्यापासून आमच्यापर्यंत अकरा घरं लागतात.
त्यांनी अढीतला पेंढा उचकला, पिठाचा डबा,
मैनेचं दप्तर.
एकाने त्याचे हात हुंगले.
हापूसचा वास होता.
एप्रिलात इथे कुणाच्या हाताला नसतो?

ते गेले. मी चहा ठेवला,
आणि साखर घालताना, त्याच्याकडे पाठ करून,
विचारलं,
"काल रात्री दोनच्या सुमाराला तू कुठे होतास?"

शब्दही माझे नव्हते, पोलिसांचेच,
ते सुमाराला वगैरे.
त्यांना त्याने उत्तर दिलं होतं, दोनदा, उभं राहून.
मला द्यायला वेळ लावला.
चहा संपवला. कप विसळला, पालथा घातला.
मग म्हणाला,
"बाग में था, मालकीण."

हिंदीत.
माझ्याशी मालवणीत भांडणारा माणूस.
झोपेतसुद्धा वानरांना मालवणीत शिव्या घालणारा.

पेट्या भाईंच्या पुतण्याने वाशीला लावल्या होत्या.
आठवड्याने कळलं. गाव हसलं,
पोरगो हा, चुकता कधी कधी.
आमच्याकडे कोणी आलं नाही.
मीही गेले नाही
चुलीपासून ओटीपर्यंत, चार पावलं.
रोज ठरवते, आधी भात उतरवू दे,
आधी मैना झोपू दे.
तो पगार पूर्वीसारखाच डब्यात ठेवतो,
नोटा सरळ करून.
मासळी आणतो, माझं आवडतं सौंदाळं,
पण भाव सांगतो आता,
हिशोब दिल्यासारखा.

रात्री मी जागी असते.
बॅटरीचा गोल माडाच्या झावळ्यांवरून सरकतो,
आमच्या कौलांवर येतो,
थांबतो.
मी कूस बदलायला तयार.

मग शिट्टी.
एक. लांब.
सगळ्या घरांना वाजते तशी,
नीट, इमानदार.