बर्फ तुझ्याकडे

लांपांगला येऊन अकरा महिने झाले, तेव्हा
मी शनिवारला घाबरायला लागलो होतो.

इतर दिवस सरतात. कारखान्यात भट्टी असते,
झिलईतला निळा बाराशे अंशांवर दगा देतो,
त्याच्याशी भांडता येतं.
पण शनिवारी दुपारी दीड वाजता
खोलीतल्या फ्रिजशी काय बोलणार?
कोपऱ्यावरच्या दुकानाचं दार सरकलं की घंटी वाजायची,
मुलगी मान वर न करता 'सवादी खा' म्हणायची,
आणि नको असलेलं दही घेऊन मी परत यायचो
दिवसातून तीनदा.

छंद लावून घे, भाऊ फोनवर म्हणाला,
जशी काही गोळीच ती, जेवणानंतर एक.
युकुलेली घेतली. तिची एक तार तुटली,
भिंतीला टेकून उभी आहे.
नदीकाठी पळून पाहिलं. कुत्री माझ्यापेक्षा मनापासून पळाली.
गुरुवारी वीबेच्या बारमध्ये परदेशी लोक जमतात,
तिथेही गेलो. सगळे व्हिसाबद्दल बोलतात
आणि मग मायदेशी परतलेल्यांची नावं घेतात,
श्राद्धाला घ्यावीत तशी.
वीबे भला माणूस. सासूशी आपण थायीत
चार वाक्यं बोललो, दोन वर्षांत, असं तो अभिमानानं म्हणाला.
घरी येताना मी माझी मोजली.
तीन भरली.

विहाराच्या मागच्या अंगणातून
खणखण यायची रोज संध्याकाळी.
कुणी भांडी घासतंय, मला वाटायचं.
पेतांग होतं ते. चिमुकला लाकडी गोळा पुढे टाकायचा,
आणि सगळ्यांनी आपापले लोखंडी
त्याच्या जवळ न्यायचे.
लहानपणी गोट्यांत माझी गल चुकत नसे.
तरी आठ दिवस मी कुंपणाशी नुसता उभा.
नवव्या दिवशी इन्थाकाकांनी, माझ्याकडे न बघता,
एक गोळा हातात दिला,
बाजारात कुणी पिशवी धरायला देतं तसा.

नाव? सारंग.
'सा' तिथेच गळाला. इथे हाक मारायला शेवटचा तुकडा पुरतो.
'र'चा झाला 'ल', आणि मी झालो लंग.
रोझालिंडा, शाळेत शिकवणारी फिलिपिनो बाई,
हसून हसून खाली बसली:
लंग म्हणजे खोका रे! फळांचा, बिअरचा.
सूर वर नेलास तर पाठ.
'र' स्वच्छ म्हटलास तर घरटं,
पण इथे 'र' स्वच्छ म्हणतो कोण?
आमच्याकडे रंग, भिंतीला आणि मैफलीला चढतो तो,
हे सांगायला माझ्याजवळ चौथं वाक्य नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात एकदा सहा वाजले,
भोंग्यावर राष्ट्रगीत सुरू झालं, सगळे जागच्या जागी थिजले.
माझा गोळा नुकताच हातातून सुटलेला.
अख्ख्या अंगणात तो एकटाच चालत राहिला,
लाकडी गोळ्याला ओलांडून, थेट भन्तेंच्या चपलांपर्यंत.

बुआखाममावशी मोडक्या छत्रीच्या काडीनं अंतर मोजते.
तिच्या काडीपुढे अपील नाही.
कलिंगडाच्या रसातल्या तांदळाच्या वड्या
ती सगळ्यांना वाटते, हरलेल्याला एक जास्त.
माझ्या खिशात त्यांचा चुरा कायम.

परवा मंगळवारी भट्टी बिघडली, मी गेलो नाही.
बुधवारी ती कंबरेवर हात ठेवून उभी:
काल कुठे होतास?
सूर, शब्द, सगळं कळलं मला. काहीही न शिकता.
उत्तर मात्र येईना. मी हातांनी भट्टी दाखवली, धूर दाखवला.
ती म्हणाली, बरं बरं.
आणि वहीत काहीतरी खरडून:
उद्या बर्फ तुझ्याकडे.

दुकानात दोन पिशव्या काउंटरवर ठेवल्या.
मुलीनं मान वर केली. पार्टी?
पेतांग, मी म्हणालो.
दही नको आज? असं ती म्हणाली असावी.

स्कूटरवर दोन्ही पिशव्या गुडघ्यांत धरल्या आहेत,
पँट भिजली, सिग्नल लाल,
आणि सहाला पाच कमी.