वसाहत

अकरा वर्षं मी शहराच्या पाण्यातल्या वसाहती मोजते आहे.
गोवंडीची टाकी, भांडुपचा नळ,
चेंबूरच्या कुठल्याशा सोसायटीची गच्ची.
बाटलीवर तारीख, वेळ, सही,
चोवीस तास उबेत,
आणि सकाळी काचेच्या बशीत
मोहरीएवढे ठिपके.
ठिपके दिसले की लाल शेरा : पिण्यास अयोग्य.
हात कधी थरथरला नाही.

छत्तिसाव्या आठवड्यात बर्वेबाईंनी
कापसाची काडी फिरवली, दोन सेकंद,
म्हणाल्या, गुरुवारी या.
गुरुवारी कागदावर माझं नाव, माझं वय,
आणि खाली जाड अक्षरात
ग्रुप बी स्ट्रेप : पॉझिटिव्ह.
मुलुंडच्या त्या जिन्यात, कठड्याला धरून,
मी मलाच लाल शेरा मारला.

बाई म्हणाल्या, आजार नव्हे हा, मुक्काम आहे.
कित्येक जणींना असतो, पत्ताही नसतो.
तुम्हाला काही करायचा नाही.
बाळाला वाटेत लागू नये, एवढंच बघायचं.

वाटेत.

मला हे सगळं ठाऊक होतं.
गोल, माळेसारखे एकाला एक लागून,
आकृती काढून दोन गुण मिळवले होते.
पण रात्री तीनला
माहिती काही कुशीवर वळू देत नाही.

सासूबाईंनी कागद नाही, चेहरा वाचला.
कुठून लागलं गं?
ऑफिसचा संडास? बाहेरचं खाणं?
मी दुधाला विरजण लावत होते.
म्हटलं, आई, हे कुठून येतं?
कालच्या दह्यातून.
आणि कालचं?
परवाच्या.
आणि अगदी पहिलं?
त्या चमचा हातात धरून थांबल्या.
पहिलं ना, खालच्या मालवणकरीणबाईंकडून आणलं होतं,
कन्नमवार नगरात आलो तेव्हा, वाटीभर.
मग झाकण ठेवलं
आणि पुन्हा विचारलं नाही.

पाणी गेलं की घरी थांबायचं नाही.
बाळाच्या आधी चार तास तरी
औषध शिरेत पोचायला हवं.
यतीननं फ्रिजवर कागद लावला :
विक्रोळी ते मुलुंड, रात्री एकला चौदा मिनिटं,
संध्याकाळी सातला बावन्न.
दोन्ही वेळा स्वतः जाऊन आला होता.
खाली रिक्षावाल्या इसरारचा नंबर,
त्याखाली इसरारच्या भावाचा.
चिपळूणला फोन केला, आई,
लहानपणी पेनिसिलिननं पुरळ मला आलं होतं ना?
तुला कुठलं, ते विजूला.
फोन ठेवून मी खूप रडले,
विजूच्या पुरळासाठी रडावं तशी.

मंगळवारी, भर दुपारी.
ना एकची रात्र, ना सातची संध्याकाळ,
कागदावर नसलेली वेळ. एकवीस मिनिटं.
फाईल उघडायच्या आधीच मी म्हटलं,
मी पॉझिटिव्ह आहे,
इतक्या मोठ्यानं की वॉचमननंही वळून बघितलं.
पहिली बाटली दोन वीसला.
दुसरी सहा वीसला.
बॅच नंबर वाचला, मुदत वाचली,
थेंब मोजले, कळ आली, पुन्हा एकपासून मोजले.
सिस्टर रोझलीन ओरडली,
मॅडम, वाचू नका, जोर लावा!

सात वाजून पाच मिनिटं. मुलगी.

मनगटावर पट्टी : तारीख, वेळ,
माझं नाव, खाली रोझलीनची सही.
आमच्या बाटलीवर असते तश्शी.
अठ्ठेचाळीस तास लक्ष ठेवू, म्हणाल्या,
ताप, श्वास, दूध ओढते का.
मी तिला छातीशी घेतलं.
चोवीस तास उबेत.
मग आणखी चोवीस.

गुरुवारी सकाळी, खिडकीपाशी,
दुपट्यातून तिला उलगडून पाहिलं.
डाव्या मांडीवर एक ठिपका.
वाकून, श्वास धरून, मोजला.
एक.
लासं होतं.
शेऱ्याची जागा
कोरीच ठेवली.