सरळ काप

भाच्यानं पाठवलेल्या पेटीत
मखमलीवर निजलेली अकरा हत्यारं.
अक्कानं चष्मा वर-खाली करून एकेक पाहिलं.
"नऊ काढून टाक. ते पातं आधी.
कुरूप सोलायचं म्हणे!
असल्या पात्यानं आलेले दोन अंगठे
वॉर्डातून परत गेलेले मी पाहिले नाहीत."
तीस वर्षं एम.वाय.मध्ये सिस्टर होती.
तिचं वाक्य संपलं की संपतं.

राहिलेली दोन तिला धार नाही म्हणून नको होती.
म्हणून मी मारोठिया बाजारात.
दुकानदार म्हणाला, "आंटीजी, यह ले जाओ,
पूरी चमड़ी उतार देगा."
म्हटलं, भैया, चमड़ी तो रखनी है.
सरळ धारेचा कटर घेतला,
बिजागरी दहादा दाबून पाहिली,
दांडा जाड, कारण माझीही बोटं आता सत्तरीची.
एक काचेची कानस,
एक वज्री, मऊ बाजूची.
तो दोनशे म्हणाला, मी एकशे सत्तर दिले
आणि रिक्षात तीस घालवले.

लोकमान्यनगरची मागची गॅलरी,
दुपारचं ऊन, निळं टब.
"पाण्यात आधी तुझं कोपर घाल.
माझ्या पायांना विचारू नकोस,
ते खोटं बोलतात."
पाच मिनिटांत बाहेर. "भिजत घातलेले हरभरे नाहीत ते."
मग जुन्या मलमलीनं टिपणं,
बोटांच्या बेचक्यांतून, एकेक,
करंगळीपाशी सगळ्यात जास्त वेळ.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात.
अक्काची घोट्यापाशीच थांबते,
चार वर्षं झाली.
गेल्या दिवाळीत बुटात सीताफळाची बी घेऊन
ती चौकातून मेथी आणून आली होती.
मोज्यावरचा डाग मी पाहिला.
ती मेथी निवडत होती.

"सरळ काप. कोपऱ्यात शिरू नकोस.
कोपरा खोदलास की नखुरडं."
मी थोडं थोडं कापते.
टक्. टक्.
कोपऱ्यात शिरण्याची माझी सवय जुनी,
आईच्या पाटल्या तिलाच का मिळाल्या
हे मी किती वर्षं खोदत बसले,
दुखायचं मलाच.
आज तिच्या मनगटात पाटल्या नाहीत,
कुठे गेल्या विचारावं,
तर कटर हातात.
टक्.

माझ्या टाचेतला बाभळीचा काटा
हिनं काढला होता, सुई चिमणीवर धरून.
मी इतकी ओरडले
की मिलचा भोंगा झाला असं वाटून
शेजारचे बंडूकाका डबा घेऊन निघाले.
तेव्हा तिचे हात किती मोठे होते.
ही टाच मात्र चमच्याएवढी
माझ्या मांडीवर.

भेगांवरून वज्री फिरवते, हलक्या हातानं,
"भांडं घासत नाहीयेस," तरीही ऐकते.
टाचेला क्रीम, बेचक्यांत नाही.
आणि मग करंगळीच्या खाली
एक लालसर ठिपका.
मी थांबते.
"कुरूप?" ती विचारते.
"माहीत नाही."
"हात लावू नकोस. उद्या डॉक्टर."
आवाज वॉर्डातलाच,
फक्त खुर्चीचा हात तिनं घट्ट धरलाय.

कटर स्पिरिटनं पुसला, वाळवला,
डबीवर तिचं नाव लिहिलं.
"दुसऱ्या कुणाला नाही. तुलाही नाही."
त्या नवांपैकी एकानं मी सकाळीच
गॅसच्या बर्नरची भोकं साफ केली होती.
सांगितलं नाही.

टब उचलताना तिनं विचारलं, "मोजलीस?"
"काय?"
"बोटं. ड्यूटी संपताना मोजायची असतात."
मी पुन्हा खाली बसले.
नऊपर्यंत आले, ठिपक्यावर नजर अडकली,
परत पहिल्यापासून सुरू केलं.